प्रतिस्पर्ध्याची ओळख : यंत्रमानव स्पर्धेतील संघनिरीक्षण

विद्यार्थ्यांच्या यंत्रमानव स्पर्धेतील एक सामना जेमतेम तीन मिनिटांचा असतो. त्या तीन मिनिटांसाठी अभियांत्रिकी महाविद्यालयातील मुलामुलींचा एखादा गट सात-आठ महिने राबलेला असतो. ॲल्युमिनियमच्या नळ्या कापणे, मोटारी बसविणे, तारा जोडणे, आज्ञावली लिहिणे आणि ती चुकली की पुन्हा लिहिणे, हा उद्योग रात्री-अपरात्री चाललेला असतो. खर्चही लाखांच्या घरात जातो. एवढे करून साखळीतील दोन-तीन सामने हातचे गेले की सामान खोक्यांत भरून परतीची वाट धरावी लागते. रत्नागिरीसारख्या गावाहून घाट चढून सुमारे तीनशे किलोमीटरांवरील पुण्याला जाणाऱ्या संघाला तर हा हिशेब अधिकच बोचणारा आहे. ज्या स्पर्धेत जिंकणारा एकच असतो, तेथून उरलेल्या संघांनी काय घेऊन यावयाचे?

या प्रश्नाचे एक उत्तर स्वतःच्या सामन्यांपेक्षा इतरांच्या सामन्यांत दडलेले आहे. स्पर्धेच्या दोन-तीन दिवसांत एखाद्या संघाचा प्रत्यक्ष खेळ दहा मिनिटांहून फारसा अधिक होत नाही. बाकीचे तास मोकळेच असतात. हे तास इतर संघांचे यंत्रमानव पाहण्यात, त्यांची पद्धतशीर नोंद करण्यात आणि त्या नोंदींवरून आपला डाव ठरविण्यात घालविणे, याला इंग्रजीत ‘स्काउटिंग’ म्हणतात. मराठीत त्याला टेहळणी म्हणावे, तर रत्नदुर्गाच्या बुरुजावरून समुद्राकडे लागलेले डोळे आठवतात. हेरगिरी म्हणावे, तर बहिर्जी नाईकांचे वेषांतर मनात येते. येथे वेषांतर नाही आणि लपवाछपवीही नाही. सर्वांसमक्ष चाललेला खेळ सर्वांसमक्ष वहीत उतरवावयाचा आहे. म्हणून या लेखात ‘संघनिरीक्षण’ हा साधा शब्द वापरला आहे.

कल्पना आपल्याला परकी नाही. कोकणात कबड्डीच्या मैदानाभोवती बसलेला जाणता प्रेक्षक पाच-सहा चढायांतच सांगतो, की हा चढाईपटू डाव्या कोपऱ्याकडेच वळतो, बोनस घेताना त्याचा उजवा पाय पुढे पडतो आणि दमला की मध्यरेषेकडे लवकर परततो. दुसऱ्या डावात त्या कोपऱ्यावर कोणाला उभे करावयाचे हे त्यावरून ठरते. यंत्रमानव स्पर्धेत हेच करावयाचे असते. फरक एवढाच, की येथे खेळाडू यंत्र आहे आणि यंत्राच्या सवयी माणसाच्या सवयींपेक्षा अधिक ठाम असतात. जे चाक तिसऱ्या वळणावर घसरले, ते चौथ्या वळणावरही बहुधा घसरणारच.

पुणे, दिल्ली आणि रोबोकॉन

आपल्या राज्याला या स्पर्धांचा परिचय झाला तो मुख्यतः ‘रोबोकॉन’मुळे. आशिया-पॅसिफिक प्रक्षेपण संघाने ही आंतरराष्ट्रीय स्पर्धा २००२ साली टोकियो येथे सुरू केली. भारतात तिची राष्ट्रीय फेरी दूरदर्शन घेत आले आहे. राष्ट्रीय फेरीत विजयी झालेला संघ देशाचे प्रतिनिधित्व करतो. अनेक वर्षे ही फेरी पुण्यात भरत असे, आणि २००८ व २०१४ या दोन्ही वर्षी आंतरराष्ट्रीय स्पर्धेचे यजमानपदही पुण्याकडे आले होते. यजमान देशाने आपल्या संस्कृतीतील एखादा विषय घेऊन खेळाचे नियम रचावयाचे, अशी प्रथा आहे. २००८ साली पुण्यात दहीहंडीचा विषय होता. २०२२ साली नवी दिल्ली येथील स्पर्धेसाठी लगोरीची निवड झाली, आणि अंगणात चेंडूने लगोरी फोडलेल्या पिढ्यांना आपला खेळ यंत्रांनी खेळलेला पाहावयास मिळाला.

लगोरीचे उदाहरण थोडे विस्ताराने पाहण्याजोगे आहे. प्रत्येक संघाचे दोन यंत्रमानव होते. एका संघाने चेंडू फेकून चकत्यांची उतरंड फोडावयाची आणि मग दुसऱ्या यंत्राने ती पुन्हा रचावयाची. रचणाऱ्या यंत्राच्या माथ्यावर एक चेंडू ठेवलेला असे आणि प्रतिस्पर्ध्याने नेम धरून तो पाडावयाचा. म्हणजे रचणाऱ्याचे भवितव्य फेकणाऱ्याच्या नेमावर अवलंबून होते. समोरच्या संघाचा नेम पहिल्याच दोन फेकींत लागतो की यंत्राला आधी अंदाज घ्यावा लागतो, हे ठाऊक असेल तर रचणाऱ्याने घाई करावयाची की सावकाशीने एकेक चकती नीट बसवावयाची, याचा निर्णय मैदानात उतरण्यापूर्वीच घेता येतो. ठाऊक नसेल, तर तो निर्णय चालकाला सामन्यात, धडधडत्या छातीने, घ्यावा लागतो.

याच्या उलट २०१४ सालचा खेळ. पालक-यंत्रमानवाने बाल-यंत्रमानवाला उद्यानात न्यावयाचे आणि सीसॉ, झोपाळा अशा खेळण्यांवर खेळवावयाचे, असा तो विषय होता. व्हिएतनामच्या लाक हाँग विद्यापीठाने ती स्पर्धा जिंकली. तेथे सारा सामना मुख्यतः वेळेशी होता. प्रतिस्पर्ध्याच्या कामात अडथळा आणण्यास फारसा वाव नव्हता. अशा खेळात दुसऱ्याला पाहून काय लाभ, असे वाटेल. लाभ आहे. समोरचा संघ सर्व कामे पूर्ण करण्यास किती सेकंद घेतो हे एकदा मोजले, की आपण कोणत्या वेगाने यंत्र चालवावयाचे हे ठरते. पुष्कळ संघ आपल्या यंत्रासाठी एक जलद पण धोक्याची आणि एक संथ पण खात्रीची, अशा दोन चाली ठेवतात. संथ चालीने जिंकता येत असताना जलद चाल वापरून यंत्र कोलमडून घेणे, हा पराभवाचा एक अत्यंत नेहमीचा मार्ग आहे. हे कळण्यास दुसऱ्याची वेळ ठाऊक हवी. केवळ आपली वेळ ठाऊक असून भागत नाही.

जोडीदाराची निवड

रोबोकॉनमध्ये प्रत्येक संघ एकटा लढतो. अमेरिकेत डीन केमन यांनी १९८९ साली स्थापन केलेल्या ‘फर्स्ट’ या संस्थेच्या शालेय स्पर्धांची रचना वेगळी आहे, आणि संघनिरीक्षणाचे खरे शास्त्र तेथेच वाढले. या संस्थेची मोठ्या यंत्रमानवांची स्पर्धा १९९२ पासून चालू आहे. तीत तीन संघांची एक आघाडी दुसऱ्या तीन संघांच्या आघाडीशी लढते. एक आघाडी तांबडी, दुसरी निळी. लहान यंत्रांच्या ‘फर्स्ट टेक चॅलेंज’ या स्पर्धेत आघाडी दोन संघांची असते. प्राथमिक सामन्यांत जोडीदार आपण निवडावयाचे नसतात. वेळापत्रक देईल तो जोडीदार. या सामन्यांवरून क्रमवारी लागते. मग मोठ्या स्पर्धेत वरचे आठ संघ कप्तान होतात आणि भर मैदानात, सर्व संघांसमोर, एकेकाने आपले जोडीदार पुकारावयाचे असतात. पहिल्या फेरीत पहिला कप्तान आधी आणि आठवा शेवटी. दुसऱ्या फेरीत नेमके उलट. पुकारलेल्या संघाने नकार दिला तर त्याला नंतर कोणाचाही जोडीदार होता येत नाही.

येथे नोंदवहीची किंमत कळते. क्रमवारीत नशिबाचा भाग बराच असतो. दुबळे जोडीदार वाट्याला आल्यामुळे एखादे उत्तम यंत्र बाविसाव्या क्रमांकावर पडलेले असते, आणि बलवान जोडीदारांच्या खांद्यावर बसून एखादे सामान्य यंत्र सहाव्या क्रमांकावर चढलेले असते. गुणफलक दोन्हींत भेद करीत नाही. ज्या संघाने प्रत्येक सामन्यात प्रत्येक यंत्राकडे स्वतंत्रपणे पाहिले आहे, त्यालाच बाविसाव्या क्रमांकावरील यंत्र पुकारण्याचे धैर्य होते. शिवाय सर्वांत बलवान तोच सर्वांत उपयुक्त असेही नाही. एकाच जोखडाला दोन्ही बैल उजव्या अंगाचे जुंपले तर नांगर सरळ चालत नाही. आपले यंत्र उंचावर चांगले फेकत असेल, तर तशीच फेक करणारा दुसरा गडी घेण्यापेक्षा जमिनीवरील वस्तू गोळा करणारा किंवा प्रतिपक्षाची वाट अडविणारा गडी घेणे शहाणपणाचे. अनुभवी संघ निवडीच्या आदल्या रात्री तास-दीड तास बसून आपल्या पसंतीची यादी करतात. कित्येकदा यंत्राच्या दुरुस्तीपेक्षा त्या यादीवर अधिक वाद होतो.

महाराष्ट्रातील विद्यार्थ्यांनाही या पद्धतीची ओळख आहे. मुंबईचा ६०२४ क्रमांकाचा ‘आर फॅक्टर’ हा संघ परदेशातील प्रादेशिक स्पर्धांत उतरलेला आहे.

काय पाहावयाचे, कसे लिहावयाचे

निरीक्षणाचे दोन भाग असतात. पहिला भाग संघांच्या दुरुस्तीच्या जागेत, टेबलापाशी जाऊन करावयाचा. यंत्राचे वजन किती, चाके कोणत्या प्रकारची, पकड हवेच्या दाबावर चालते की मोटारीवर, आज्ञावलीने आपोआप होणारे काम कोणते, अशी माहिती विचारून घ्यावयाची. दुसरा भाग प्रेक्षागृहात बसून करावयाचा. तेथे विचारावयाचे काही नसते, मोजावयाचे असते. या दोहोंची सरमिसळ हा नवशिक्या संघांचा ठळक दोष होय. टेबलापाशी उभा असलेला विद्यार्थी आपल्या यंत्राविषयी सांगतो ते बहुधा खोटे नसते. ते त्याच्या प्रयोगशाळेतील सर्वांत चांगल्या दिवसाचे वर्णन असते. आमचे यंत्र पाच वस्तू उचलते, असे तो म्हणतो. मैदानावर ते दोन उचलते. म्हणून वहीत ‘सांगितले’ आणि ‘दिसले’ असे दोन स्वतंत्र रकाने आखून घ्यावेत आणि डाव ठरविताना दुसऱ्या रकान्यावर भिस्त ठेवावी.

सहा यंत्रे एकाच वेळी मैदानात असतील तर एका माणसाच्या डोळ्यांना सर्वांचा मागोवा घेता येत नाही. डोळा साहजिकच चेंडूकडे किंवा गर्दीकडे धावतो. म्हणून सहा निरीक्षक बसवून प्रत्येकाला एकच यंत्र नेमून देण्याची पद्धत पडली. आपल्या निरीक्षकाने शेवटपर्यंत त्याच यंत्राकडे पाहावयाचे, मग ते कोपऱ्यात स्तब्ध उभे का राहिलेले असेना! हे काम कंटाळवाणे आहे, हे मान्य केले पाहिजे. तासाभराने लक्ष उडते आणि आकडे अंदाजाने भरले जाऊ लागतात. अंदाजाने भरलेला आकडा कोऱ्या रकान्याहून घातक. त्यासाठी पाळ्या लावाव्यात आणि तक्ता आटोपशीर ठेवावा. वीस रकान्यांचा सुंदर तक्ता घरी आखता येतो. सामन्याच्या धामधुमीत सात-आठ रकाने नीट भरले तरी पुष्कळ झाले.

सामान्यतः पुढील गोष्टींची नोंद उपयोगी पडते : सुरुवातीच्या स्वयंचलित टप्प्यात यंत्र हलले काय, एक वस्तू उचलून ती ठेवीपर्यंत किती सेकंद गेले, किती प्रयत्नांपैकी किती साधले, यंत्र बंद पडले असल्यास कोणत्या क्षणी. यांतील शेवटची बाब फार बोलकी असते, आणि तीच बहुतेकांकडून राहून जाते. ‘शून्य गुण’ एवढे लिहिल्याने काहीच कळत नाही. बॅटरीची तार निसटल्याने आलेले शून्य दहा मिनिटांत दुरुस्त होते. मुख्य दंड वाकल्याने आलेले शून्य स्पर्धा संपेपर्यंत तसेच राहते. आणि चालक गोंधळल्याने आलेले शून्य दडपण वाढले की पुन्हा येते. तीन शून्यांचे तीन अर्थ आहेत.

थोडेसे अंकगणित

नोंदी झाल्या की सरासरी काढण्याचा मोह होतो. येथे सावध राहावे. समजा, एका यंत्राने पाच सामन्यांत अनुक्रमे ८, ०, ९, ०, ८ वस्तू ठेवल्या आणि दुसऱ्याने ५, ५, ४, ६, ५. दोघांची बेरीज २५, सरासरी ५. कागदावर दोघे सारखेच. परंतु जोडीदार म्हणून दुसरा बरा, कारण त्याच्या पाचांवर हिशेब बांधता येतो. प्रतिस्पर्धी म्हणून पहिल्याची धास्ती अधिक. त्याचा चांगला दिवस असेल तर तो आपल्याला झोपवील. म्हणून सरासरीच्या शेजारी सर्वांत कमी आणि सर्वांत जास्त असे दोन आकडे लिहिल्याखेरीज ती वाचू नये.

आघाडीच्या खेळात आणखी एक अडचण येते. गुण आघाडीला मिळतात, एकट्या यंत्राला नव्हे. मग प्रत्येकाचा वाटा कसा काढावयाचा? शालेय बीजगणितातील सामायिक समीकरणे येथे कामास येतात. समजा, अ आणि ब यांनी मिळून ५० गुण केले, ब आणि क यांनी ४० आणि अ व क यांनी ३०. तिन्ही समीकरणे सोडविली असता अ चा वाटा २०, ब चा ३० आणि क चा १० निघतो. प्रत्यक्ष स्पर्धेत संघ तीस-चाळीस आणि सामने त्याहून अधिक, त्यामुळे समीकरणे परस्परांशी तंतोतंत जुळत नाहीत; तेव्हा एकूण चूक कमीत कमी राहील असे उत्तर संगणकाकडून काढून घेतात. फर्स्टच्या स्पर्धांतील अशी आकडेमोड महाजालावर तयार मिळते. मात्र तिच्यावर विसंबून वही मिटवू नये. वाट अडविणारे यंत्र स्वतः गुण करीत नाही, पण प्रतिपक्षाचे वीस गुण बुडविते. समीकरणाला ते दिसत नाही. प्रेक्षागृहातील मुलीला ते दिसते.

सभ्यतेची मर्यादा

दुसऱ्याच्या यंत्राकडे इतक्या बारकाईने पाहणे शिष्टसंमत आहे काय, असा संकोच आपल्याकडील अनेक विद्यार्थ्यांना वाटतो. काही संघ यंत्रावर कापड टाकून ठेवतात आणि कोणी जवळ आले की बोलणे थांबवितात. हा बंदोबस्त फारसा कामाचा नाही, असे आमचे मत आहे. यंत्र शेवटी हजारो डोळ्यांपुढे मैदानात यावयाचेच असते, आणि स्पर्धेच्या आदल्या दिवशी पाहिलेली युक्ती रातोरात आपल्या यंत्रात उतरविणे कोणालाही सहसा साधत नाही. मॅसॅच्युसेट्स तंत्रविज्ञान संस्थेतील प्राध्यापक वुडी फ्लॉवर्स यांनी फर्स्टच्या स्पर्धांत एक वृत्ती रुजविली : जीव तोडून स्पर्धा करावी, आणि प्रतिस्पर्ध्याची तार तुटली तर आपली सोल्डरिंगची इस्त्रीही त्याला द्यावी. फ्लॉवर्स २०१९ साली निवर्तले. ती वृत्ती टिकून आहे. तेथे संघ आपणहून आपल्या यंत्राचे माहितीपत्रक वाटतात, कारण कोणत्यातरी कप्तानाने आपल्याला पुकारावे अशी त्यांची इच्छा असते.

तरीही मर्यादा आहेतच. परवानगीवाचून यंत्राला हात लावू नये, कोणाच्या संगणकाच्या पडद्यावर डोकावू नये, छायाचित्र घेण्यापूर्वी विचारावे. आणि वहीत माणसांविषयी शेरे लिहू नयेत. वही दुसऱ्याच्या हाती पडली तरी लाज वाटू नये, एवढीच कसोटी पुरे.

जिल्ह्यातील संघांसाठी

रत्नागिरीच्या मिरजोळे औद्योगिक वसाहतीत १९९६ पासून फिनोलेक्स अकादमी आहे. देवरुखजवळ आंबव येथे १९९८ पासून राजेंद्र माने अभियांत्रिकी महाविद्यालय आहे. शाळांच्या पातळीवर २०१६ साली सुरू झालेल्या केंद्राच्या योजनेतून अटल टिंकरिंग प्रयोगशाळांना वीस लाख रुपयांपर्यंत अनुदान मिळू शकते आणि सहावी ते बारावीच्या मुलांच्या हाती मोटारी व संवेदक येतात. अशा ठिकाणी तयार होणाऱ्या संघांपुढे मोठ्या शहरांतील संघांच्या मानाने दोन उणिवा असतात : सरावासाठी शेजारी दुसरा बलवान संघ नसतो आणि स्पर्धेला नेता येतील अशी माणसे थोडी असतात.

पहिली उणीव घरबसल्या थोडीफार भरून काढता येते. रोबोकॉनच्या सामन्यांची चित्रमुद्रणे यूट्यूबवर उपलब्ध आहेत. एक सामना चार वेळा पाहावा. दर वेळी एकाच यंत्राकडे लक्ष ठेवावे आणि घड्याळ हाती घेऊन सेकंद लिहावेत. पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्याला पाना हाती देण्यापूर्वी हे काम द्यावे. आठवडाभरात त्याला यंत्र कोठे अडखळते ते दिसू लागते, आणि मग तो आपल्या यंत्राकडेही त्याच निर्दय नजरेने पाहू लागतो. संघाने स्वतःच्या सरावाची नोंद याच तक्त्यावर ठेवावी, हे ओघानेच आले. प्रतिस्पर्ध्याची वेळ ३८ सेकंद आणि आपली ‘चांगली’ असे लिहून चालत नाही.

माणसांची उणीव भागविण्याचा उपाय म्हणजे निरीक्षण वाटून घेणे. परदेशात लहान संघ एकत्र येऊन निरीक्षकांचा एकच गट करतात आणि नोंदी सर्वांनी वापरावयाच्या असे ठरवितात. आपल्या भागातील दोन महाविद्यालयांना असे करावयास अडचण नसावी. दोघांची गाठ एकाच गटात पडली, तर तेवढ्या एका सामन्यापुरत्या वह्या वेगळ्या ठेवता येतील.

स्पर्धा संपल्यानंतरही वहीचे काम उरते. रोबोकॉनचा विषय दरवर्षी बदलतो, त्यामुळे यंदाचे यंत्र पुढील वर्षी जसेच्या तसे चालत नाही. परंतु वस्तू फेकण्याची फिरती चाके, हवेच्या दाबावरील पकड, आडवेही सरकू शकणारी चाके, ही अंगे वेगवेगळ्या खेळांत पुनःपुन्हा लागतात. कोणत्या संघाने त्यांपैकी कोणते अंग कसे बसविले होते आणि ते कितव्या सामन्यात निकामी झाले, हे ज्या पानांवर लिहिले आहे ती पाने शेवटच्या वर्षाचे विद्यार्थी पदवी घेऊन गेल्यावरही महाविद्यालयात राहतात. आंतरराष्ट्रीय स्पर्धा बहुधा ऑगस्टच्या सुमारास होते आणि तेथेच पुढील वर्षाचा विषय जाहीर होतो. नवे नियम हाती पडल्यापासून पहिली नळी कापीपर्यंत जे दोन-तीन आठवडे जातात, त्यांत ही पाने नव्या मुलांसमवेत वाचून काढावीत आणि मगच आराखड्याला हात घालावा.